घरामागच्या पक्ष्यांचे फोटो: टेलिफोटो लेन्स नक्की काय करते आणि काय करत नाही?

परसातल्या जास्वंदीवर शिंजीर येतो, आपण घाईघाईने खिशातून फोन काढतो, दोन बोटांनी झूम करतो आणि फोटोत येतो एक काळा ठिपका. त्या ठिपक्याला बाकदार चोच आहे हे आपल्याला माहीत असतं, पण ग्रुपवर टाकल्यावर मित्र विचारतात, "भुंगा आहे का रे?" मग मनात पहिला विचार येतो तो म्हणजे आपल्याला मोठी लेन्स पाहिजे!

मलाही तसंच वाटलं होतं. नोकरीतल्या पहिल्या बोनसमधून मी एक सेकंडहँड डीएसएलआर आणि ५५-२५० मिमीची लेन्स घेतली. सुट्टीत गावी गेलो आणि पहिल्याच सकाळी तीनशेच्या वर फोटो काढले. त्यातले ठेवण्यासारखे निघाले चार. लेन्स अगदी व्यवस्थित होती. ती काय करते आणि काय करत नाही, हेच मला माहीत नव्हतं.

या लेखात तेच सोप्या भाषेत पाहूया. टेलिफोटो म्हणजे काय, पक्षी किती मोठा दिसेल हे आधीच कसं काढायचं, फोटो ब्लर का येतो, फोनवर कितपत जमतं आणि लेन्स घ्यायचीच असेल तर काय तपासायचं. थोडा हिशोब आहे, पण तो शाळेतल्या गुणाकार-भागाकाराच्या पुढे जात नाही.

टेलिफोटो म्हणजे नक्की काय?

लेन्सवर ५० मिमी, २५० मिमी असे आकडे लिहिलेले असतात. ती त्या लेन्सची फोकल लेंग्थ. हा आकडा जितका मोठा, तितका समोरच्या दृश्याचा लहान तुकडा कॅमेरा उचलतो आणि तोच तुकडा पूर्ण फोटोभर पसरवतो. फुल फ्रेम, म्हणजे ३६ × २४ मिमी सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ५० मिमी लेन्स कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत साधारण ४७ अंशांचा भाग बघते. ४०० मिमी लेन्स फक्त ६ अंशांच्या आसपास. म्हणून तिच्यातून लांबचा पक्षी मोठा दिसतो, आणि म्हणूनच तिच्यातून पक्षी सापडतही नाही! सुरुवातीला सगळ्यांचं असंच होतं, डोळ्यांना बुलबुल दिसतो आणि लेन्समध्ये नुसती पानं. यावर उपाय म्हणजे आधी झूम कमी ठेवून पक्षी शोधायचा, मग तो मध्यभागी ठेवत झूम वाढवायचा.

इथे दोन शब्दांची नेहमी गल्लत होते. झूम म्हणजे फोकल लेंग्थ बदलता येणं. टेलिफोटो म्हणजे फोकल लेंग्थ मोठी असणं. कॅमेऱ्याबरोबर येणारी १८-५५ मिमी लेन्स झूम आहे, पण पक्ष्यांसाठी टेलिफोटो नाही. ४०० मिमीची फिक्स लेन्स टेलिफोटो आहे, पण तिच्यात झूम अजिबात नाही.

आता फोनचं बघू. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याची फोकल लेंग्थ २४ किंवा २६ मिमी अशी लिहिलेली असते. ती खरी फोकल लेंग्थ नसते. खरी तर काही मिलिमीटरच असते, कारण फोनचा सेन्सरच छोटा असतो. २६ मिमी याचा अर्थ असा की फुल फ्रेम कॅमेऱ्यावर २६ मिमी लेन्स लावली तर जेवढं दृश्य येईल, तेवढंच या फोनमध्ये येतं. याला समतुल्य फोकल लेंग्थ म्हणू. कॅननच्या लहान सेन्सरवाल्या कॅमेऱ्यांवर लेन्सच्या आकड्याला १.६ ने गुणतात, निकॉन आणि सोनीच्या तशा कॅमेऱ्यांवर १.५ ने. म्हणून माझी २५० मिमी लेन्स माझ्या कॅननवर ४०० मिमीसारखं दृश्य देते.

आणि डिजिटल झूम? तो म्हणजे मूळ फोटोचा मधला तुकडा कापून ताणणं. १२ मेगापिक्सेलच्या फोटोवर १० पट डिजिटल झूम केला तर मूळ माहिती उरते त्याच्या शंभराव्या भागाइतकी, म्हणजे ०.१२ मेगापिक्सेल. जास्त मेगापिक्सेलचा सेन्सर असेल तर थोडा फायदा मिळतो. बाकीचं फोनचं सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं. त्यामुळेच कधीकधी पिसं ऑइल पेंटमध्ये काढल्यासारखी दिसतात.

खरा हिशोब: पक्ष्यावर किती पिक्सेल पडतात?

कॅमेरा किती मेगापिक्सेलचा आहे यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न हा आहे की त्यातले किती पिक्सेल पक्ष्यावर खर्च होतात. त्यासाठी एकच सूत्र पुरतं:

सेन्सरवरची पक्ष्याची लांबी = फोकल लेंग्थ × पक्ष्याची खरी लांबी ÷ अंतर

शिंजीर साधारण १० सेमीचा असतो. तो ५ मीटरवर बसलाय आणि आपण २५० मिमी लेन्स लावली आहे. २५० × ०.१० ÷ ५ = ५ मिमी. म्हणजे सेन्सरवर शिंजिराचं ५ मिमीचं चित्र पडतं. सेन्सर २२.३ मिमी रुंद आणि त्यावर आडवे ६००० पिक्सेल, म्हणून पक्ष्याच्या वाट्याला आले साधारण १३४५ पिक्सेल.

हाच शिंजीर, हेच ५ मीटर अंतर, वेगवेगळ्या कॅमेऱ्यांवर असा दिसेल:

फोनचा मुख्य कॅमेरा, २६ मिमी समतुल्य, १२ मेगापिक्सेल: साधारण ६० पिक्सेल
फोनचा ५ एक्स टेलिफोटो, १२० मिमी समतुल्य, १२ मेगापिक्सेल: साधारण २७५ पिक्सेल
२४ मेगापिक्सेलचा कॅनन आणि २५० मिमी लेन्स: साधारण १३४५ पिक्सेल

ठिपका का येतो हे आता कळलं असेल. ६० पिक्सेलमध्ये अ‍ॅपचा छोटा आयकॉनसुद्धा नीट बसत नाही. माझा अंदाज असा की पक्ष्यावर ५०० पिक्सेल आले तर तो मोबाइलच्या स्क्रीनवर छान दिसतो, आणि हजाराच्या पुढे गेले तर पिसं मोजता येतात.

या सूत्रात अजून एक गोष्ट दडलेली आहे. फोकल लेंग्थ दुप्पट केली काय आणि अंतर निम्मं केलं काय, परिणाम एकच. ५ मीटरऐवजी अडीच मीटरवर गेलात तर तुमच्या लेन्सची ताकद फुकटात दुप्पट होते. पण मधे एक अट आहे, पक्षी तिथे थांबला पाहिजे. या अटीकडे आपण पुढे परत येऊ, कारण मी स्वतः तिथेच चुकलो होतो.

मोठी लेन्स असूनही फोटो ब्लर का येतो?

माझ्या पहिल्या तीनशे फोटोंपैकी बहुतेक इथेच वाया गेले. टेलिफोटो पक्षी मोठा करते, पण त्याबरोबर हाताची थरथरही मोठी करते.

हाताच्या थरथरीसाठी जुना ठोकताळा असा आहे: शटर स्पीड हा किमान १ भागिले समतुल्य फोकल लेंग्थ इतका हवा. २५० मिमी कॅननवर ४०० होतात, म्हणून १/४०० सेकंद किंवा त्याहून वेगवान. लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन असेल तर याहून हळू शटरवरही हात सांभाळला जातो.

पण स्टॅबिलायझेशन फक्त तुमचा हात सांभाळतं, पक्ष्याला थांबवत नाही! शिंपी एका जागी एक सेकंद बसत नाही. म्हणून मी पक्ष्याप्रमाणे शटर ठरवतो:

शांत बसलेला होला, तांबट, खंड्या: १/५००
उड्या मारणारा शिंपी, फुलावरचा शिंजीर, नाचण: १/१०००
उडणारी साळुंकी, वेडा राघू: १/२०००

तिसरं कारण हवेचं. दुपारी तापलेल्या पत्र्यावरून किंवा गच्चीवरून फोटो काढला की गरम हवा लाटांसारखी हलते आणि पक्ष्याच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात. त्याला कुठलीच सेटिंग उपयोगी पडत नाही. सकाळी काढा किंवा जवळच्या पक्ष्याचा काढा.

प्रकाश कमी पडतो तो इथे

शटर वेगवान केलं की प्रकाश आत यायला वेळ कमी मिळतो. फिल्मच्या काळापासूनचा एक नियम आहे: भर उन्हात एफ/१६ आणि आयएसओ १०० असेल तर शटर १/१०० च्या आसपास लागतं. माझ्या लेन्सचं मोठ्यात मोठं तोंड २५० मिमीवर एफ/५.६ आहे. ते एफ/१६ पेक्षा तीन पायऱ्या जास्त प्रकाश देतं, म्हणजे आठपट. म्हणून भर उन्हात आयएसओ १०० वरच १/८०० मिळतो. छान!

पण पक्षी भर उन्हात बसतो कुठे? तो आंब्याच्या सावलीत. सावलीत प्रकाश तीन-चार पायऱ्यांनी कमी होतो. तोच १/८०० हवा असेल तर आयएसओ ८०० ते १६०० करावा लागतो, आणि पावसाळी दिवशी त्याहून वर. आयएसओ वाढला की फोटोत दाणे दिसतात. पण घाबरू नका. दाणेदार फोटो सॉफ्टवेअरने बऱ्यापैकी साफ होतो, हललेला फोटो मात्र सरळ होत नाही. मी पहिले काही आठवडे आयएसओ ४०० च्या वर जायला घाबरत होतो, आणि त्यामुळे स्वच्छ पण हललेले फोटो जमवत होतो.

इथे एक प्रश्न मला नेहमी विचारला जातो. फोनच्या टेलिफोटोवर एफ/२.८ लिहिलंय, या लेन्सवर एफ/५.६, मग फोन चांगला नाही का? एफ नंबर म्हणजे खरी फोकल लेंग्थ भागिले लेन्सच्या तोंडाचा व्यास. आयफोन १५ प्रो मॅक्सचा ५ एक्स कॅमेरा १२० मिमी समतुल्य आहे, पण त्याची खरी फोकल लेंग्थ साधारण १५.७ मिमी. त्याला २.८ ने भागलं तर तोंड येतं साडेपाच मिमीचं. माझ्या लेन्सचं २५० भागिले ५.६ म्हणजे जवळपास ४५ मिमीचं. क्षेत्रफळात हा फरक साठपटीच्या वर आहे. एका पक्ष्याकडून येणारा प्रकाश गोळा करायला एकीकडे चहाचा चमचा आहे आणि दुसरीकडे परात. फोन अनेक फ्रेम जोडून ही तूट बरीच भरून काढतो, पण पक्षी हलला की त्या फ्रेम एकमेकींशी जुळत नाहीत.

फोकस: डोळा, फक्त डोळा

टेलिफोटोत फोकसचा पट्टा फार बारीक असतो. २५० मिमी, एफ/५.६ आणि ५ मीटर अंतरावर साधारण ८ सेमी इतकाच भाग शार्प येतो. ३ मीटरवर तर जेमतेम ३ सेमी! म्हणजे शेपटीवर फोकस झाला तर डोळा गेलाच. म्हणून ऑटोफोकसचा एकच छोटा पॉइंट निवडा आणि तो डोळ्यावर ठेवा. सगळे पॉइंट चालू ठेवले की कॅमेरा बहुतेक वेळा पुढची फांदी पकडतो. अलीकडच्या बऱ्याच मिररलेस कॅमेऱ्यांत पक्ष्याचा डोळा ओळखणारा ऑटोफोकस असतो, त्यात हे काम कॅमेराच करतो.

सुरुवातीची सेटिंग

कॅमेरा नवीन असेल तर इथून सुरुवात करा:

शटर प्रायॉरिटी मोड, १/१०००. आयएसओ ऑटो, कमाल मर्यादा ३२००. ऑटोफोकस सतत चालणारा, कॅननवर त्याला एआय सर्वो म्हणतात, निकॉन आणि सोनीवर एएफ-सी. बर्स्ट चालू, पण तीन-चार फोटोंच्या छोट्या तुकड्यांत.

एक्सपोजर कॉम्पेन्सेशन हे बटण नक्की शिका. तारेवर बसलेल्या कोतवालामागे पांढरं आकाश असेल तर कॅमेरा आकाश सांभाळतो आणि कोतवाल नुसता काळा आकार होतो. तिथे अधिक १ करा. उन्हातल्या पांढऱ्या बगळ्यासाठी उलट, उणे १. फोनवर हेच करायला पक्ष्यावर टॅप करा आणि बाजूची सूर्याची खूण वर-खाली सरकवा.

शिंजिराच्या बाबतीत सूर्य कुठे आहे यावर सगळं अवलंबून असतं. विणीच्या काळातला जांभळा शिंजीर नर सावलीत साधा काळा दिसतो. त्याची निळी-जांभळी चमक पिसांच्या सूक्ष्म रचनेवरून प्रकाश परावर्तित होऊन तयार होते, त्यामुळे ती ठरावीक कोनातच दिसते. सूर्य तुमच्या पाठीमागे ठेवा. तोच पक्षी, तीच जास्वंद, पण फोटोत जमीन-आसमानाचा फरक पडतो.

फोनवरच काढायचे असतील तर?

बहुतेक वाचकांकडे फोनच असणार. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. चार मार्ग आहेत.

पहिला, तुमच्या फोनमध्ये खरी टेलिफोटो लेन्स आहे का ते बघा. नुसता एक्सचा आकडा बघून ठरवू नका. गॅलेक्सी एस२३ अल्ट्रात १० एक्सचा, २३० मिमी समतुल्य कॅमेरा होता. एस२४ अल्ट्रात त्याऐवजी ५ एक्सचा पण जास्त मेगापिक्सेलचा कॅमेरा आला. आकडा निम्मा झाला म्हणून पिक्सेल निम्मे झाले असं होत नाही. शिवाय बरेच फोन प्रकाश कमी असेल किंवा वस्तू फार जवळ असेल तर गुपचूप मुख्य कॅमेऱ्याचाच फोटो कापून देतात. तपासणी सोपी आहे: ५ एक्सवर जा आणि टेलिफोटो लेन्सवर बोट ठेवा. स्क्रीन काळी झाली नाही तर ती लेन्स वापरातच नाही.

दुसरा, दुर्बीण. घरात ८ × ४२ दुर्बीण असेल तर तिच्या डोळ्याच्या बाजूला फोन टेकवा. ८ पट म्हणजे २६ मिमीचे झाले २०८ मिमी समतुल्य. हात स्थिर ठेवायला साधा अ‍ॅडाप्टर मिळतो. फोनवर लावायच्या स्वस्त चिमट्याच्या टेलिफोटो लेन्सपेक्षा मला हा उपाय बरा वाटला. त्या लेन्समध्ये कडा हमखास पसरट येतात.

तिसरा माझा सगळ्यात आवडता आहे: फोन तिथे ठेवायचा आणि आपण आत यायचं. पाण्याच्या भांड्यापासून दीड मीटरवर छोट्या ट्रायपॉडवर फोन लावा, फोकस भांड्याच्या कडेवर लॉक करा आणि ब्लूटूथ रिमोटने किंवा स्मार्टवॉचने क्लिक करा. दीड मीटरवर १२० मिमीचा टेलिफोटो शिंजिरावर ९०० च्या वर पिक्सेल देतो! पक्षी माणसाला जितके घाबरतात तितके स्थिर वस्तूला सहसा घाबरत नाहीत. पहिले काही दिवस फोनऐवजी तिथे नुसता एखादा डबा ठेवून त्यांना सवय होऊ द्या.

चौथा, व्हिडिओ. ४के व्हिडिओची प्रत्येक फ्रेम ३८४० × २१६० म्हणजे ८.३ मेगापिक्सेलची असते. चपळ पक्ष्याचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून त्यातली चांगली फ्रेम निवडता येते.

पक्षी आपल्याकडे यावा यासाठी

मागे धावण्यापेक्षा हे सोपं आहे. सावलीत उथळ मातीचं भांडं, त्यात दोन बोटं पाणी, रोज बदललेलं. पाणी साचून राहिलं तर डास होतात आणि पक्षीही आजारी पडू शकतात. भांड्याशेजारी एक वाळकी फांदी रोवा. पाण्यावर उतरण्याआधी पक्षी तिथे बसून आजूबाजूला बघतो, आणि तुमचा फोटो तिथेच मिळतो. फांदीच्या मागे भिंत जवळ नको. मागचं झाड चार-पाच मीटर लांब असेल तर ते टेलिफोटोत मऊ हिरवं होऊन जातं.

तुम्ही खिडकीत बसा. काचेतून काढत असाल तर काच पुसून घ्या, लेन्स तिच्या अगदी जवळ ठेवा आणि खोलीतला दिवा बंद करा. मच्छरजाळी असेल तर लेन्स जाळीला जवळजवळ टेकवा. जाळी दिसत नाही, फक्त फोटो थोडा फिका येतो.

माझी चूक

आता मगाशी म्हटलेली अट. लेन्स घेतली त्याच वर्षी पावसाळ्यात आमच्या घरामागच्या अंजिराच्या दोन पानांत शिंप्याने घरटं शिवलं. पिल्लांचा आवाज यायला लागला तसा मी कॅमेरा घेऊन दोन मीटरवर जाऊन उभा राहिलो. शिंपी चोचीत हिरवी अळी घेऊन आला आणि शेजारच्या तारेवर बसून चिक-चिक करत शेपटी हलवायला लागला. मला वाटलं, काय पोज देतोय! मी फोटो काढत राहिलो. आई मागच्या दारातून म्हणाली, "अरे, तो बघ कसा कावराबावरा झालाय. तू आत ये आधी." मी म्हटलं, "दोनच मिनिटं, आई."

संध्याकाळी फोटो लॅपटॉपवर घेतले. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये तो किती वाजता काढला हे नोंदलेलं असतं. पहिला फोटो ७:४२ चा. शेवटचा ७:५६ चा. सगळ्या फोटोंत चोचीत तीच अळी. चौदा मिनिटं तो पक्षी घास घेऊन बसला होता आणि घरट्यात गेला नव्हता. आत पिल्लं ओरडत होती, आणि मधे मी उभा होतो. ज्याला मी पोज समजत होतो तो धोक्याचा इशारा होता.

दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं. अंतर सहा मीटर. काही मिनिटांत तो आला, घास भरवला, गेला, पुन्हा आला. मग मी वरचंच सूत्र मांडून बघितलं. शिंपी साधारण १३ सेमीचा. दोन मीटरवर त्याच्यावर ४३७० पिक्सेल पडत होते, सहा मीटरवर १४६०. मोबाइलची स्क्रीन बहुतेक १०८० पिक्सेल रुंद असते. म्हणजे त्या चौदा मिनिटांत मी मिळवलेले जास्तीचे पिक्सेल मला कधी लागणारच नव्हते.

टेलिफोटो लेन्सचा उपयोग मला त्या दिवशी कळला. ती आपल्याला लांब राहू देते. पक्षी खाणं, नाहणं, भरवणं थांबवून तुमच्याकडे बघायला लागला, सारखा ओरडायला लागला किंवा घास घेऊन ताटकळला, की तुम्ही जास्त जवळ आहात. दोन पावलं मागे या. घरटं दिसलं तर फांद्या बाजूला करू नका, फ्लॅश मारू नका, पक्ष्याला बोलवायला मोबाइलवर त्याचा आवाज वाजवू नका. कायदाही याबाबत स्पष्ट आहे: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना त्रास देणंही येतं.

लेन्स घ्यायचीच असेल तर

आधी महिनाभर फोन आणि पाण्याच्या भांड्यावर काढून बघा. तरी हौस टिकली तर पैसे घाला. सुरुवातीला कॅनन ५५-२५० मिमी किंवा निकॉन ७०-३०० मिमी अशा लेन्स परसातल्या पक्ष्यांना पुरतात. ब्रिज कॅमेऱ्यांचाही पर्याय आहे. निकॉन कूलपिक्स पी९०० हा २०१५ मध्ये २००० मिमी समतुल्य झूम घेऊन आला, पी१००० हा २०१८ मध्ये ३००० मिमी. उन्हात ते कमाल करतात, पण सेन्सर फोनइतकाच छोटा असल्याने सावलीत अडखळतात.

सेकंडहँड घेताना एवढं तपासा:

लेन्समधून मोबाइलचा टॉर्च मारून बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. दमट हवेत, विशेषतः कोकणात आणि मुंबईत हे फार होतं.
नावात स्टॅबिलायझेशनची खूण आहे का बघा. कॅननवर आयएस, निकॉनवर व्हीआर. निकॉनची एएफ-पी ७०-३०० ही लेन्स व्हीआर असलेली आणि नसलेली अशा दोन्ही प्रकारांत आली. घाईत नसलेली गळ्यात पडते.
स्वतःच्या कॅमेऱ्यावर लावून बघा. काही जुन्या निकॉन कॅमेऱ्यांवर एएफ-पी लेन्सचा ऑटोफोकस चालत नाही.
झूम पूर्ण करून, मोठ्यात मोठ्या तोंडावर, लांबच्या पाटीचा फोटो काढा आणि अक्षरं मोठी करून वाचा.

घरी आणल्यावर पावसाळ्यात लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. कापडी बॅगेत महिनोन् महिने ठेवू नका.

शेअर करण्याआधी

पक्ष्याचं नाव माहीत नसेल तर मर्लिन हे मोफत अ‍ॅप फोटोवरून आणि आवाजावरूनही ओळख सुचवतं. नोंद ठेवायची असेल तर ईबर्ड आहे. दर वर्षी फेब्रुवारीत ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असतो, त्यात पंधरा मिनिटं घरामागे बसून मोजलेले पक्षीही चालतात.

एक काळजी घ्या. फोनचं लोकेशन चालू असेल तर फोटोच्या फाइलमध्ये जागेचे अक्षांश-रेखांश नोंदले जातात. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला तर ही माहिती निघून जाते, पण डॉक्युमेंट म्हणून मूळ फाइल पाठवली तर ती तशीच जाते. घरट्याचा फोटो असेल तर शेअर करताना लोकेशन काढून टाका, नाहीतर उद्या तिथे दहा कॅमेरे उभे राहतील.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ट्रायपॉड लागतोच का? हलक्या लेन्सला नाही. खिडकीच्या कठड्यावर तांदळाची छोटी पिशवी ठेवून त्यावर लेन्स टेकवली तरी भागतं.

रॉ मध्ये काढू की जेपीजी? सुरुवातीला दोन्ही. सावलीतला काळा पक्षी नंतर उजळायचा असेल तर रॉ मध्ये जास्त माहिती हाताशी असते.

कोणती वेळ चांगली? सूर्य उगवल्यानंतरचे दोन तास. ऊन तिरपं आणि मऊ असतं, आणि पक्षी खाण्यात गुंतलेले असतात.

पहिला पक्षी कोणता निवडू? साळुंकी किंवा बुलबुल. दोन्ही माणसांना सरावलेले, आकाराने बऱ्यापैकी मोठे आणि क्षणभर बसणारे. शिंप्याच्या वाटेला पहिल्याच दिवशी जाऊ नका, तो तीनशेतले चारच देतो.

तर उद्या सकाळी हे करून बघा. खिडकीपासून पाण्याच्या भांड्यापर्यंतचं अंतर मोजा, तुमच्या कॅमेऱ्याची फोकल लेंग्थ सूत्रात टाका आणि पक्ष्यावर किती पिक्सेल येतात ते काढा. आकडा ५०० च्या वर गेला, तर खुर्ची तिथेच ठेवा. त्याहून पुढे जायची गरज नाही.